मेसेम्ब्रियाचा वेढा, इ. स. ८१२ : पळून गेलेल्या माणसांची गोष्ट

तटावरचा वारा

काळ्या समुद्राच्या पश्चिम किनाऱ्यावर, आजच्या बल्गेरियात, नेसेबर नावाचे एक जुने गाव आहे. खडकाळ द्वीपकल्पावर वसलेल्या या गावाची लांबी साधारण ८५० मीटर, रुंदी साधारण ३५० मीटर, आणि मुख्य भूमीशी त्याचा संबंध एका चिंचोळ्या पट्टीपुरता. थ्रेसियन लोकांची मेनेब्रिया ती हीच, नंतर ग्रीक वसाहतकारांची आणि बायझंटाइन साम्राज्याची मेसेम्ब्रियाही हीच. १९८३ सालापासून हे स्थळ युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे आणि पर्यटक तिथे प्रामुख्याने मध्ययुगीन चर्चे पाहायला जातात. या धाग्यात मात्र मला त्या गावाच्या तीन हजारांहून अधिक वर्षांपैकी केवळ काही आठवड्यांविषयी लिहायचे आहे. इ. स. ८१२ च्या ऑक्टोबरच्या मध्यास बल्गेरियाचा खान क्रुम या तटासमोर येऊन ठाकला आणि नोव्हेंबरच्या पाच तारखेला मेसेम्ब्रिया पडल्याची बातमी बायझंटाइन राजधानी कॉन्स्टँटिनोपलला पोहोचली.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो, कारण तिच्याशिवाय वेढ्याचा अर्थ लागत नाही. ८०८ साली बल्गेरियनांनी स्ट्रायमन नदीच्या खोऱ्यात बायझंटाइन सैन्यावर अचानक झडप घातली आणि शिपायांच्या पगारासाठी आणलेले १,१०० पौंड सोने पळवले. पुढच्याच वर्षी त्यांनी सेर्दिका, म्हणजे आजचे सोफिया, कपटाने घेतले आणि तिथली ६,००० ची शिबंदी कापून काढली. सम्राट पहिला निकेफोरस याने ८११ साली प्रचंड सैन्यानिशी क्रुमची राजधानी प्लिस्का लुटली व जाळली, पण परतीच्या वाटेवर डोंगरखिंडीत त्याची कोंडी झाली आणि २६ जुलै रोजी तो स्वतः मारला गेला. त्याच्या कवटीला चांदीचे अस्तर लावून क्रुमने तिचा पेला केला, ही हकीकत अनेकांनी वाचलेली असेल. निकेफोरसचा मुलगा स्टाउराकिओस त्याच लढाईत जबर जखमी झाला, त्याला गादी सोडावी लागली आणि त्याचा मेहुणा पहिला मायकेल रांगाबे २ ऑक्टोबर ८११ रोजी सम्राट झाला. वर्षभराच्या आत क्रुमने देबेल्टोस हे शहर जिंकले आणि तिथल्या रहिवाशांना, त्यांच्या बिशपसह, आपल्या मुलखात नेऊन वसवले. ती बातमी पसरताच अंखियालोस आणि बेरोई येथील लोक कोणी न हाकलताच घरे टाकून निघून गेले. किनाऱ्याच्या या भागात भक्कमपणे उभी राहिली ती मेसेम्ब्रिया.

आता मुख्य मुद्दा. विजयामागून विजय मिळवत असलेल्या क्रुमने ऑक्टोबर ८१२ मध्ये तहाची बोलणी सुरू केली. दार्गामेर नावाचा त्याचा वकील कॉन्स्टँटिनोपलला गेला आणि त्याने जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी, ७१६ च्या सुमारास झालेल्या तहाचे नूतनीकरण मागितले. त्या तहाची कलमे थिओफानीस या इतिवृत्तकार साधूने नोंदवून ठेवली, हे आपले भाग्यच. थ्रेसमधील मेलेओना ही सरहद्द असावी. तीस पौंड सोन्याच्या किमतीपर्यंतची वस्त्रे आणि लाल रंगवलेली कातडी बल्गेरियाला मिळावीत. दोन्ही राज्यांत ये-जा करणाऱ्या व्यापाऱ्यांजवळ शिक्क्यानिशी परवाने असावेत आणि ज्यांच्याजवळ ते नसतील त्यांचा माल जप्त व्हावा. आणि एका बाजूकडून पळून दुसऱ्या बाजूला आलेल्या माणसांना, त्यांनी आपल्या राज्यकर्त्यांविरुद्ध कट केला असला तरी, परत पाठवावे. हे मान्य नसेल तर आपण मेसेम्ब्रियावर चालून येऊ, असे क्रुमने स्पष्ट कळवले होते.

बोलणी अडकली ती या शेवटच्या कलमावर. पैशाचा प्रश्न फारसा नव्हताच. इतिहासकार ती तीस पौंडांची रक्कम वार्षिक समजतात, आणि तसे धरले तरी ८०८ साली एका झडपेत गमावलेल्या सोन्यातून छत्तीस वर्षांहून अधिक काळची देणी भागली असती. पण आश्रयाला आलेल्याला परत देणे धर्माला धरून नाही, असे सम्राटाच्या काही सल्लागारांनी ठासून सांगितले. स्टुडिओस मठाचा प्रमुख थिओडोर त्यांच्यातला अग्रणी होता. राजधानीचा पॅट्रिआर्क, म्हणजे सर्वोच्च धर्मगुरू, निकेफोरस (हा मारला गेलेल्या सम्राटाहून वेगळा, केवळ नावाने सारखा) तहाच्या बाजूचा होता. तह फेटाळला गेला आणि क्रुम बोलल्याप्रमाणे निघाला.

त्याच्याबरोबर या खेपेस वेढ्याची यंत्रे होती. ती त्याला कशी मिळाली, हे थिओफानीसने ज्या दोन-तीन वाक्यांत सांगितले आहे, ती वाक्ये मला गेली कित्येक वर्षे सोडत नाहीत. यंत्रविद्येत निष्णात असलेला एक अरब बाप्तिस्मा घेऊन साम्राज्याच्या सेवेत आला होता आणि सम्राट निकेफोरसने त्याला अॅड्रियानोपलमध्ये ठेवले होते. त्याला योग्य मोबदला किंवा बक्षीस देण्याऐवजी सम्राटाने त्याचा पगार कमी केला, आणि त्याने कुरकूर केली तेव्हा त्याला बेदम मारहाण करवली. जीवाला विटलेला तो माणूस बल्गेरियनांकडे पळून गेला आणि त्याने त्यांना यंत्रे बांधण्याची सारी विद्या शिकवली. त्याचे नाव इतिवृत्तात दिलेले नाही.

पळून आलेली माणसे परत द्यायची नाहीत, या एका तत्त्वासाठी राजधानीने मेसेम्ब्रिया पणाला लावली, आणि मेसेम्ब्रिया पाडली ती राजधानीकडून पळून गेलेल्या एका माणसाच्या विद्येने. हा वेढा दगड आणि लाकडाइतकाच पळून गेलेल्या माणसांचा आहे, असे माझे मत आहे. सदस्यांनी आपापल्या अभ्यासातून यावर लिहावे, ही विनंती.

डोलकाठी

अतिशय मनापासून लिहिलेला धागा आहे. मी व्यापारी जहाजांवर बरीच वर्षे नोकरी केली असून काळ्या समुद्रातून हिवाळ्याच्या तोंडावर प्रवास केलेला आहे, म्हणून फक्त समुद्राच्या बाजूने लिहितो.

मेसेम्ब्रियासारख्या ठिकाणाला उपासमारीने शरण आणायचे असेल तर वेढा घालणाऱ्याजवळ आरमार हवे. क्रुमजवळ ते नव्हते. तीन बाजूंचा समुद्र मोकळा असताना रसद, माणसे आणि निरोप यांची ये-जा थांबवणे त्याला शक्य नव्हते. महिने काढूनही शहर खंगले नसते. त्यामुळे त्याच्यापुढे एकच मार्ग उरतो: त्या चिंचोळ्या पट्टीवर मोर्चे बांधायचे आणि समोरचा तट थेट फोडायचा. मला वाटते, या एका भौगोलिक कारणामुळे यंत्रे जाणणाऱ्या माणसाचे महत्त्व इतर कोणत्याही वेढ्यापेक्षा इथे अधिक ठरते. सेर्दिका कपटाने घेता आली, अंखियालोस नुसत्या धाकाने रिकामे झाले. इथे मात्र भिंत पाडल्याखेरीज गत्यंतर नव्हते.

दुसऱ्या बाजूने पाहिले तर समुद्र मोकळा होता, मग राजधानीचे आरमार का आले नाही? ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून त्या किनाऱ्यावर ईशान्येकडून येणारी वादळे सुरू होतात आणि त्या काळच्या वल्ह्यांच्या, उथळ बांध्याच्या युद्धनौका अशा दिवसांत किनाऱ्याजवळ उभ्या करणे म्हणजे त्या गमावण्याची तयारी ठेवणे होय. बायझंटाइनांना याचा कटू अनुभव होता. ७६६ साली, तोही भर उन्हाळ्यात, पाचव्या कॉन्स्टंटाइनने पाठवलेला मोठा नौकासमूह याच किनाऱ्यावर अंखियालोसजवळ उत्तरेच्या वाऱ्याने खडकांवर आपटून फुटला होता. थिओफानीस त्या नौकांची संख्या २,६०० देतो. क्रुमने ऑक्टोबरचा मुहूर्त समुद्र पाहूनच निवडला असेल, असे मला एक खलाशी म्हणून वाटते.

जुना दस्तऐवज

मूळ लेखकांचा मुद्दा आकर्षक आहे, परंतु त्याचा सारा भार एकाच साक्षीदारावर आहे, म्हणून त्या साक्षीदाराविषयी दोन गोष्टी सांगणे मला आवश्यक वाटते.

थिओफानीस हा या घटनांचा समकालीन होता आणि त्याचे इतिवृत्त ८१३ पर्यंत येऊन थांबते. त्याच्याइतका जवळचा साक्षीदार आपल्याजवळ दुसरा नाही. पण सम्राट निकेफोरसविषयी त्याच्या मनात कमालीचा राग होता. गादीवर येण्यापूर्वी निकेफोरस हा साम्राज्याच्या खजिन्याचा प्रमुख अधिकारी होता. त्याने करवसुली कडक केली, मठांच्या सवलतींना हात घातला आणि थिओफानीसने त्याच्या अशा दहा ‘पीडा’ क्रमवार मोजून लिहून ठेवल्या. कंजूष सम्राटाने पगार कापला आणि त्यापायी शहर गेले, ही कथा या रागाच्या चौकटीत जरा जास्तच नेमकी बसते.

शिवाय या कथेला एक जुना नमुनाही आहे. सहाव्या शतकाच्या अखेरीस डॅन्यूबकाठच्या अप्पिआरिया या किल्ल्यासमोर आवार या भटक्या लढवय्या टोळ्यांनी बूसास नावाचा एक बायझंटाइन सैनिक पकडून आणला आणि त्याच्या सुटकेसाठी किल्ल्यातल्या लोकांकडे खंडणी मागितली. बूसासच्या बायकोशी संबंध असलेल्या एका माणसाने गावकऱ्यांना खंडणी न देण्यास भरीस घातले. आपल्याच लोकांनी आपल्याला टाकले हे पाहिल्यावर बूसासने आवारांना वेढ्याचे यंत्र बांधून दिले आणि अप्पिआरिया पडले. ही हकीकत थिओफिलॅक्ट सिमोकाट्टा या सातव्या शतकातील इतिहासकाराची आहे. ‘त्या रानटी लोकांना ही विद्या येणे शक्य नाही, तेव्हा आपल्यातल्याच कोणी दुखावलेल्याने ती दिली असली पाहिजे’ असा विचार बायझंटाइन लेखकांच्या मनात खोल रुजलेला होता. अरबाची गोष्ट खोटी आहे असे मी म्हणत नाही; ती ऐकताना सांगणाऱ्याचा स्वरही ऐकावा, एवढेच सुचवतो.

७१६ च्या तहाविषयीही एक अडचण आहे. थिओफानीस त्या तहावर बल्गेरियाच्या बाजूने कोर्मेसिओस या राजाचे नाव घालतो, पण बल्गेरियन राजांच्या जुन्या यादीवरून केलेल्या कालगणनेप्रमाणे त्या वेळी तर्वेल राज्य करत होता. इतिहासकारांनी यावर निरनिराळे तोडगे सुचवले आहेत. कलमांच्या मजकुरावर मात्र फारसा संशय घेतला जात नाही, कारण शिक्क्याचे परवाने आणि लाल कातडी इतका बारीक तपशील कल्पनेतून लिहिला जात नाही.

अनुष्टुभ

मला थिओडोरची बाजू मांडायची आहे, कारण अशा चर्चांमध्ये त्याला हटवादी ठरवून विषय संपवला जातो.

त्या कलमात ‘पळून आलेली माणसे’ असे दोन शब्दांत म्हटले आहे, पण ती कोण होती याचा विचार करावा. त्यांत क्रुमशी वैर घेऊन आलेले बल्गेरियन सरदार असतील, स्लाव शेतकरी असतील आणि त्यांच्यातल्या काहींनी राजधानीत येऊन बाप्तिस्माही घेतला असेल. कट करणाऱ्यांनाही परत द्यावे, हे शब्द कलमात घालण्याचे कारणच हे की परत गेल्यावर त्यांचे काय होणार हे दोन्ही बाजूंना पक्के ठाऊक होते. ‘जो माझ्याकडे येतो त्याला मी घालवून देणार नाही’ हे योहानाच्या शुभवर्तमानातले वचन या वादात पुढे ठेवले गेले. थिओफानीसच्या मते हा वचनाचा गैरवापर होता. वाईट सल्लागारांनी देश बुडवला, असे तो लिहितो. वेशीबाहेरच्या काहींना वाचवण्याच्या नादात आपल्याच असंख्य लोकांना तलवारीखाली दिले, असा त्याचा आक्षेप आहे.

तो आक्षेप मी समजू शकते. तरीही, स्वतःच्या सोयीसाठी निर्वासितांना मरणाच्या हवाली करू नये असे भर दरबारात म्हणणारा माणूस मला नुसता हटवादी वाटत नाही. थिओडोर स्वतः निकेफोरसच्या काळात सम्राटाच्या इच्छेविरुद्ध उभा राहून हद्दपारी भोगून आला होता. घराबाहेर काढले जाणे म्हणजे काय, हे त्याला ठाऊक होते.

तटावरचा वारा

अनुष्टुभताई, आपला प्रतिसाद वाचून मी माझा मूळ लेख पुन्हा वाचला आणि त्यात थिओडोरला मी फार घाईने ओलांडून गेलो हे मला मान्य आहे. माझे दुःख थोडे वेगळे आहे. आश्रिताला न सोडण्याचे तत्त्व दरबाराने मनापासून पाळले असते, तर अॅड्रियानोपलमधला तो अरबही एक आश्रितच होता. तोही आपले घर आणि धर्म मागे ठेवून आलेला होता. राजधानीत ज्या वचनावर वाद झाला, त्या वचनाची त्याच्या बाबतीत कोणालाच आठवण झाली नाही.

दस्तऐवजजी, बूसासची गोष्ट मला माहीत होती, पण ती इथे इतकी चपखल लागू पडेल हे सुचले नव्हते. आपण म्हणता तो नमुना खरा आहे. तथापि सम्राटाच्या सेवेतील लोक क्रुमकडे जात होते याला आणखी एक आधार आहे. आजच्या मालामीरोवो या खेड्याजवळ सापडलेल्या, ग्रीक भाषेत कोरलेल्या शिलालेखात क्रुमने जिंकलेल्या मुलखाची व्यवस्था दिली आहे. त्यात अंखियालोस, देबेल्टोस आणि सोझोपोलिस ही किनाऱ्यावरची नावे येतात आणि बल्गेरियन सरदारांच्या हाताखाली नेमलेल्या ज्या सेनाधिकाऱ्यांची नावे कोरली आहेत ती ग्रीक आहेत. हा पुरावा क्रुमच्या स्वतःच्या बाजूचा आहे, सम्राटावर रागावलेल्या साधूचा नाही.

पहिलीच वारी

मी या विषयात नवीन आहे. सेर्दिका पडल्यानंतर युमाथिओस नावाचा एक यंत्रज्ञ क्रुमला मिळाला, असे मी वाचले होते. मूळ लेखातला अरब म्हणजे हाच युमाथिओस काय?

जुना दस्तऐवज

चांगला प्रश्न आहे. थिओफानीस दोघांचा उल्लेख वेगवेगळ्या ठिकाणी करतो. युमाथिओस हा स्पाथारिओस या दर्जाचा अधिकारी होता. ८०९ साली सेर्दिकाच्या कत्तलीतून जे अधिकारी वाचले, त्यांनी शिक्षा होणार नाही असे अभयवचन सम्राटाकडे मागितले. निकेफोरसने ते दिले नाही, आणि मग त्यांना शत्रूकडे जाण्यावाचून मार्ग उरला नाही. त्यांच्यात यंत्रविद्या जाणणारा युमाथिओस होता. ८१२ च्या नोंदीतला अरब निनावी आहे, अॅड्रियानोपलमध्ये राहणारा आहे आणि त्याच्या जाण्याचे कारणही निराळे आहे. काही अभ्यासकांना हे एकाच माणसाचे दोन उल्लेख वाटतात. मजकूर जसा आहे तसा वाचला तर माणसे दोन दिसतात, आणि मी त्यांना दोनच मानतो. एक अभयवचनावाचून गेला, दुसरा पगारावाचून.

यंत्रविद्या

व्यवसायाने मी यांत्रिकी अभियंता आहे, म्हणून या वेढ्याच्या मला सर्वांत विलक्षण वाटणाऱ्या भागाकडे लक्ष वेधतो, ज्याचा मूळ लेखात उल्लेख राहून गेला. देबेल्टोस आणि मेसेम्ब्रिया मिळून बल्गेरियनांच्या हाती सोने-चांदी तर पडलीच, पण त्याबरोबर ३६ पितळी नळकांडी आणि त्यांतून फवारण्याच्या ‘द्रव अग्नी’चा मोठा साठाही पडला. आपण ज्याला ग्रीक अग्नी म्हणतो तो हाच. साम्राज्याचे हे सर्वांत जपलेले गुपित होते आणि त्याच्या बळावर ७१७–७१८ च्या वेढ्यात अरब आरमार राजधानीपासून दूर राखले गेले होते. मेसेम्ब्रियासारख्या बंदरात ही नळकांडी असणे स्वाभाविक आहे, कारण ती प्रामुख्याने जहाजांवर बसवली जात.

एवढे हाती लागूनही क्रुमने किंवा त्याच्या वारसांनी हा अग्नी वापरल्याचा उल्लेख इतिवृत्तांत येत नाही. माझ्या मते याचे कारण सरळ आहे. नळकांडे हा यंत्राचा केवळ एक भाग होय. द्रव किती तापवायचा, दाब किती द्यायचा, तोंडाशी ज्वाला कधी धरायची, हे सारे हातांना ठाऊक असावे लागते, आणि चूक झाली तर पहिला बळी चालवणाऱ्याचाच जातो. साठा संपल्यावर नवा द्रव कशापासून करायचा हा प्रश्न तर वेगळाच. धोंडे फेकणारे यंत्र मात्र तसे नव्हते. त्या काळी पूर्व युरोपात परिचित असलेल्या प्रकारात एका उंच चौकटीवर लांब तुळई आडवी बसवत. तिच्या आखूड टोकाला दोर बांधत आणि लांब टोकाला गोफण. अनेक माणसांनी एकदम दोर खाली खेचले की धोंडा तटाकडे सुटे. लाकूड, दोर, थोडे लोखंड आणि सगळ्यांनी एका ठेक्यात ओढण्याची सवय, एवढे पुरे. पण तुळईचा आस नेमका कुठे धरायचा, गोफणीची लांबी किती ठेवायची आणि चौकट धक्क्याने उलटू नये म्हणून काय करायचे, हे कोणीतरी जवळ उभे राहून शिकवावे लागते. एकदा ते समजले की जंगलाजवळचा कोणताही सुतार ते पुन्हा बांधू शकतो. म्हणूनच त्या अरबाने दिलेली विद्या टिकली आणि हाती आलेली ३६ नळकांडी मुकी राहिली.

मूळ लेखकांच्या विषयाला धरून आणखी एक गोष्ट. ग्रीक अग्नी बायझंटाइनांना मिळाला तो ६७२ च्या सुमारास सीरियातील हेलिओपोलिसहून आलेल्या कॅलिनिकोस या कारागिराकडून. तोही अरबांनी जिंकलेला मुलूख सोडून आलेला निर्वासित होता. त्याला राजधानीने उराशी धरले, आणि पुढच्या अनेक पिढ्या त्या विद्येवर तगल्या.

ओवी

मी गेली काही वर्षे जर्मनीत राहते. दोन उन्हाळ्यांपूर्वी आम्ही नेसेबरला गेलो होतो, तेव्हा हा इतिहास मला माहीत नव्हता याची आता हळहळ वाटते आहे. तरी जे पाहिले ते सांगते.

मुख्य भूमीवरून पट्टीवरचा रस्ता पायी ओलांडताना दोन्ही हातांना पाणी असते आणि वाटेत एक जुनी लाकडी पवनचक्की लागते. त्यानंतर समोर तटाचे अवशेष येतात. दगडांचे थर आणि मधे तांबड्या विटांचे पट्टे अशी ती बांधणी आहे, आणि दरवाजा बुरुजांच्या मधोमध आहे. हा तट पाचव्या शतकातला असल्याचे तिथल्या फलकावर वाचले होते, म्हणजे क्रुम आला तेव्हा तो तीनशे वर्षांचा जुना होता. डोलकाठी यांनी लिहिलेले मला डोळ्यांसमोर दिसते आहे: त्या बाजूने आलेल्या माणसाला उजवीकडे वा डावीकडे सरायला जागाच नाही. यंत्र उभे करायचे तर ते दरवाजाच्या तोंडासमोरच करावे लागणार, आणि तटावरच्या शिबंदीला ते दिवसभर नजरेसमोर दिसत राहणार.

द्वीपकल्पाचा बराच भाग शतकानुशतके समुद्राने गिळला आहे आणि जुन्या तटाचे काही भाग पाण्याखाली आहेत, असेही तिथे समजले. गावाच्या मधोमध सेंट सोफियाचे छप्पर नसलेले, कमानी तेवढ्या उभ्या असलेले चर्च आहे. ८१२ साली ते उभे होते. वेढ्याच्या त्या रात्री लोक तिथे जमले असतील, या विचाराने आज मन भरून येते.

डोलकाठी

ओवीताई, तटावरच्या लोकांचा आपण उल्लेख केलात म्हणून विचारतो. त्यांनी लढा दिला की नाही? थिओफानीस तर म्हणतो की त्या सबंध काळात क्रुमला कोणी विरोधच केला नाही.

तटावरचा वारा

डोलकाठीजी, त्या वाक्याचा रोख तटावरच्या लोकांपेक्षा राजधानीकडे आहे, असे मी समजतो. त्या वर्षी सम्राटाजवळ लढण्याच्या मनःस्थितीतले सैन्यच नव्हते. जूनमध्ये मायकेल मोहिमेवर निघाला, सम्राज्ञी प्रोकोपिया त्याला त्झुरुलोसपर्यंत सोबत करत गेली, आणि देबेल्टोसची बातमी येताच आशिया मायनरमधील ऑप्सिकिओन आणि थ्रॅकेसिओन या प्रांतांच्या पथकांनी उघड बंड करून सम्राटाला शिव्याशाप दिले. मोहीम तिथेच मोडली. आदल्या वर्षी खिंडीत हजारो सोबती गमावलेल्या त्या शिपायांना दोष देणे मला जमत नाही.

ऑक्टोबरच्या अखेरीस पट्टीवर धोंडे सुटत असताना राजधानीत काय चालले होते, याच्या तारखा थिओफानीसने दिल्या आहेत. १ नोव्हेंबरला सम्राटाने पॅट्रिआर्कला बोलावून तहाचा पुन्हा विचार केला. नायसिया आणि सायझिकस येथील धर्माधिकारी हजर होते आणि तेही तहाच्या बाजूने होते. थिओडोरच्या पक्षाने पुन्हा विरोध केला आणि पुन्हा तेच जिंकले. ४ नोव्हेंबरला आकाशात धूमकेतू दिसला: दोन तेजस्वी चंद्र एकमेकांना मिळतात, पुन्हा वेगळे होतात आणि शेवटी शीर नसलेल्या माणसाचा आकार घेतात, असे त्याचे वर्णन आहे. ५ नोव्हेंबरला बातमी आली. मेसेम्ब्रियाहून राजधानीपर्यंत निरोप पोहोचायला लागणारे दिवस वजा केले तर १ नोव्हेंबरची ती बैठक चालू असतानाच, कदाचित आधीही, तट पडलेला असू शकतो. ज्या शहराला वाचवण्यासाठी वाद चालला होता ते शहर वाद घालणाऱ्यांच्या हातून निसटून गेलेले होते आणि त्यांना ते ठाऊक नव्हते. मला या साऱ्या प्रकरणात हा दिवस सर्वांत जड वाटतो.

पहिलीच वारी

पुढे काय झाले, हे कोणी थोडक्यात सांगेल काय? क्रुमने मेसेम्ब्रिया राखली का, आणि त्या तहाचे काय झाले?

जुना दस्तऐवज

थोडक्यात सांगतो. २२ जून ८१३ रोजी वेर्सिनिकिया येथे मायकेलचा दारुण पराभव झाला. त्याच सुमारास राजधानीत काही लोक पवित्र प्रेषितांच्या चर्चमध्ये शिरले आणि त्यांनी पाचव्या कॉन्स्टंटाइनच्या थडग्यापुढे ‘ऊठ आणि बुडत्या राज्याला वाचव’ असा आक्रोश केला, कारण बल्गेरियनांना धाकात ठेवणारा अलीकडचा सम्राट त्यांच्या लेखी तोच होता. मायकेलने गादी सोडली, मठाचा रस्ता धरला आणि आर्मेनियन वंशाचा सेनापती लिओ जुलैमध्ये सम्राट झाला. क्रुम कॉन्स्टँटिनोपलच्या तटापर्यंत आला; वाटाघाटीच्या मिषाने त्याला मारण्याचा प्रयत्न झाला आणि तो जखमी होऊन निसटला. त्या रागात त्याने उपनगरे जाळली आणि अॅड्रियानोपल जिंकून तिथले लोक डॅन्यूबपलीकडे नेले. ८१४ च्या वसंतात तो राजधानीवर अखेरचा घाव घालण्याची तयारी करत होता. एका समकालीन लेखकाने त्या तयारीत धोंडे फेकणारी यंत्रे, शिड्या, तटाला टकरा देणारे ओंडके, ५,००० लोखंडजडित गाडे आणि ते ओढण्यासाठी १०,००० बैल मोजले आहेत. पाच वर्षांपूर्वी कपटाखेरीज किल्ला घेऊ न शकणाऱ्या राजाची ही तयारी होती. १३ एप्रिल ८१४ रोजी तो अचानक मरण पावला आणि ते गाडे निघालेच नाहीत. मेसेम्ब्रिया पुढे साम्राज्याकडे परत आली आणि नंतरच्या शतकांत ती अनेकदा या हातातून त्या हातात गेली.

तटावरचा वारा

तहाविषयीचा भाग मी पूर्ण करतो. क्रुमचा मुलगा ओमुर्ताग याने लिओशी तीस वर्षांचा तह केला. त्या तहाचा मजकूर एका दगडी स्तंभावर ग्रीक भाषेत कोरलेला होता आणि तो सुलेमानकोय येथे तुटक्या अवस्थेत सापडला. मूळची कलमे अकरा होती असे त्याच दगडावर लिहिले आहे. त्यांतली पहिली चार काय ती वाचता येतात. पहिले सरहद्दीचे आहे. दुसरे आणि तिसरे स्लाव लोकांचे आहे: कोणी कुठे राहायचे, कोणाला कुठे परत पाठवायचे. चौथे कैद्यांचे आहे. त्यात अधिकाऱ्यांच्या सुटकेची व्यवस्था त्यांच्या हुद्द्याप्रमाणे ठरवली आहे, आणि सामान्य माणसांसाठी ‘जीवामागे जीव’ असे लिहिले आहे.